बंद पडलेले रूळ, त्यांखालची जमीन आणि नगरपालिका : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचोऱ्याहून वरखेडी, शेंदुर्णी, पहूरमार्गे जामनेरला जाणारी छोटी गाडी, जिला सगळा परिसर ‘पीजे’ म्हणतो, मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुटली नाही. त्या ५६ किलोमीटरच्या मार्गालगतच्या गावांतून, आणि जिथे जुन्या सायडिंगचे रूळ गवतात बुडाले आहेत अशा इतर गावांतूनही, जवळपास तेच ते प्रश्न येत राहतात. येथे ‘पालिका’ या शब्दात नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका या तिन्ही धरल्या आहेत.

पीजे बंद होऊन वर्षे लोटली. रेल्वेने तो मार्ग सोडून दिला, असे समजायचे का?

नाही. अमळनेरकडच्या एका आप्पांनी हा प्रश्न अहिराणीत फार नेमका विचारला होता : “गाडी बंद व्हई गयी, मंग जागा कोनी शे?” उत्तर असे की गाडी बंद होणे ही वाहतुकीची गोष्ट आहे आणि जागा कोणाची हा अभिलेखाचा प्रश्न आहे, पहिलीवरून दुसऱ्याचा निर्णय होत नाही. रुळांवर बाभळी उगवल्या, फाटकावरचा माणूस निघून गेला, स्टेशनच्या खिडकीला कुलूप लागले, तरी जमीन केंद्र सरकारच्या रेल्वे खात्याच्या नावावर राहते. पीजेच्या बाबतीत तर मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर आणि बोदवडपर्यंत विस्तार असा ८४ किलोमीटरचा मंजूर प्रकल्प आहे, म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने ती जागा पडीक नसून पुढच्या कामासाठी राखलेली आहे. हे न पाहता ‘ओसाड रूळ ताब्यात घ्यावेत’ असा ठराव सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो, वर्तमानपत्रात छापून येतो आणि तिथेच संपतो.

मार्ग कायमचा बंद झाला हे ठरवण्याची काही कायदेशीर पद्धत आहे की नाही?

रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये वाहतूक तात्पुरती थांबवणे, प्रवासी वाहतुकीस धोकादायक ठरलेला मार्ग बंद करणे आणि बंद केलेला मार्ग पुन्हा उघडणे यांविषयी कलम २४ ते २६ आहेत. तिन्हींचा रोख सुरक्षिततेवर आहे. मार्ग बंद झाला की अमुक दिवसांत जमीन अमक्याला जाईल, अशी वाट या कलमांत कुठेही दाखवलेली नाही. त्यामुळे ‘सोडून दिलेला मार्ग’ हा शब्द आपण बोलताना वापरतो, पण अर्जात वापरला तर समोरचा अधिकारी पहिल्या ओळीलाच हरकत घेतो. अर्जात ‘वाहतूक बंद असलेला मार्ग’ असे लिहावे.

ती जमीन मुळात आमच्या पणजोबांची होती. रेल्वेला नको असेल तर आम्हाला परत मिळेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुधा जुना मोडीतला कागद असतो, आणि त्याला नाही म्हणणे जिवावर येते. तरीही कायदा असा आहे की भूसंपादन कायद्याखाली मोबदला देऊन घेतलेली जमीन सरकारकडे सर्व बोज्यांतून मुक्त होऊन निहित होते आणि मूळ मालकाचा तिच्यावरचा हक्क तिथेच संपतो. महामार्गासाठी घेतलेल्या आणि नंतर उरलेल्या जमिनीच्या केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट सांगितले की उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी वापरावी. तसे काम नसेल तर ती जुन्या मालकाला विकण्याऐवजी जाहीर लिलावात काढावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात न वापरलेली जमीन पाच वर्षांनंतर परत करण्याचे कलम १०१ आहे खरे, पण शंभर वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि शंभर वर्षे प्रत्यक्ष गाडी धावलेल्या जमिनीला ते लावता येत नाही. मात्र जमीन विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी, भाड्याने किंवा वापरापुरती घेतली होती असे कागदावरून दिसत असेल तर गोष्ट वेगळी आहे. तो कागद लिप्यंतर करून वकिलाला दाखवावा.

पालिकेने रुळांलगत तीस-चाळीस वर्षांपूर्वी रस्ता केला. आता तो पालिकेचाच ना?

‘तीस वर्षे’ हा आकडा लोकांच्या तोंडी कुठून आला ते आधी सांगायला हवे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे सरकारला आपल्या जमिनीच्या ताब्यासाठी दावा लावायला तीस वर्षांची मुदत आहे, आणि सरकारी जमिनीवर वहिवाटीने सुविधाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्यासारखा वापराचा हक्क) मिळण्यासाठीही तीसच वर्षे लागतात. खाजगी जमिनीला अनुक्रमे बारा आणि वीस. पण नुसती वर्षे मोजून चालत नाही. वापर उघड, अखंड आणि मालकाच्या परवानगीशिवाय, हक्क म्हणून झालेला असला पाहिजे.

इथेच पालिकेचा पाय घसरतो. कधी काळी एखाद्या मुख्याधिकाऱ्याने ‘सदर रस्त्यास तात्पुरती परवानगी मिळावी’ असे पत्र भुसावळच्या रेल्वे कार्यालयाला पाठवलेले असते आणि तिकडून चार अटींसह होकार आलेला असतो. ते पत्र निघाले की चाळीस वर्षांची वहिवाट ही परवानगीने केलेला वापर ठरते, आणि परवानगी मागे घेता येते. रेल्वेच्या कार्यालयांत जुनी पत्रे फार जपून ठेवलेली असतात. पालिकेत तीच फाइल पावसात भिजलेली असते.

मग रुळांच्या पलीकडच्या वस्तीला रस्ता किंवा गटार न्यायचे असेल तर पालिकेने करायचे तरी काय?

या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे, कारण पालिकांचे बहुतेक वाद मालकीचे नसतातच. ते ओलांडण्याचे असतात. पावसाळ्यात भरावाच्या एका अंगाला पाणी तुंबते, जुनी मोरी गाळाने भरलेली असते, शाळेची मुले दप्तर डोक्यावर धरून रूळ ओलांडतात. या कामासाठी मालकी लागत नाही.

रेल्वे अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे मार्ग बांधताना लगतच्या जमीनधारकांसाठी फाटके, मोऱ्या, पाण्याचे मार्ग अशी सोयीची कामे करणे हे रेल्वेचे कर्तव्य आहे, पण मार्ग वाहतुकीस खुला झाल्यापासून दहा वर्षांनंतर अशी नवी कामे रेल्वेच्या खर्चाने मागता येत नाहीत. खानदेशातल्या जुन्या मार्गांची ती मुदत आपल्या आजोबांच्या लहानपणीच संपली. उरते ते कलम १७. राज्य सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण यांना रेल्वेच्या वरून, खालून किंवा आडवा सार्वजनिक रस्ता अथवा अन्य काम करायचे असेल तर ते केव्हाही, स्वतःच्या खर्चाने, रेल्वेकडे तशी मागणी करू शकतात. आणि रेल्वे प्रशासन व स्थानिक प्राधिकरण यांचे एकमत झाले नाही तर काय अधिकृत करायचे ते केंद्र सरकार ठरवते. म्हणजे मतभेद सोडवण्याची जागा कायद्यानेच नेमून दिलेली आहे.

या कलमाचा उल्लेख पालिकेच्या ठरावात क्वचितच असतो. ठरावात असते ‘रेल्वेची जागा पालिकेकडे वर्ग करावी’. त्याला ‘शक्य नाही’ असे दोन ओळींचे उत्तर येते. त्याच जागी ‘कलम १७ अन्वये अमुक किलोमीटरवरील मोरीचे रुंदीकरण, खर्च पालिका करील’ असे लिहिले तर त्या मागणीला अभियंत्यांचा अहवाल, अंदाजपत्रक आणि लेखी कारण द्यावे लागते. नकार आला तरी तो पुढे नेता येईल असा नकार असतो.

खर्चाचे काय, असे कोणी म्हणेल. खर्च पालिकेचाच, आणि पुढची देखभालही तिचीच. हे कडू आहे, पण दर पावसाळ्यात पंप लावून पाणी उपसण्याचाही खर्च होतोच.

रेल्वे जागा भाड्याने देते का? दर काय?

देते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ सप्टेंबर २०२२ रोजी मंजूर केलेल्या धोरणात पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते यांसारख्या सार्वजनिक सेवांसाठी जमिनीच्या बाजारमूल्याच्या वार्षिक १.५ टक्के असा दर ठरवला आहे. नळ, केबल रुळांखालून नेण्याच्या परवानगीला रेल्वेच्या भाषेत ‘वे-लीव्ह’ म्हणतात. तो शब्द अर्जात आला की टेबल लवकर सापडते.

रेल्वेच्या रिकाम्या जागेवर पालिका घरपट्टी लावू शकते का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातील प्राधिकरणाला कर लावता येत नाही. अपवाद फक्त घटना लागू होण्यापूर्वीपासून चालत आलेल्या करांचा, तोही संसद अन्यथा ठरवीपर्यंत. रेल्वे अधिनियमाचे कलम १८४ हेच वेगळ्या शब्दांत सांगते : केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय रेल्वे स्थानिक कर देणे लागत नाही.

पण कर आणि सेवाशुल्क यांत फरक आहे, आणि त्या फरकात पालिकेचा पैसा अडकलेला असतो. राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २००९ रोजी नोंदवलेल्या तडजोडीनुसार केंद्राच्या मालमत्तांना पालिकेच्या सर्व सेवा मिळत असतील तर मालमत्ताकराच्या ७५ टक्के, अंशतः मिळत असतील तर ५० टक्के आणि मिळत नसतील तरी एक तृतीयांश इतके सेवाशुल्क देय आहे. भुसावळसारख्या, रेल्वेबरोबरच वाढलेल्या शहरात ही रक्कम किरकोळ नसते. वाद असतो तो ‘सर्व’ की ‘अंशतः’ यावर. स्टेशनातला कचरा कोण उचलतो, क्वार्टरना पाणी कोणाचे, दिवे कोणाचे, याची नोंद पालिकेने महिन्यागणिक ठेवलेली असेल तर हा वाद पाच मिनिटांचा आहे. ठेवलेली नसेल तर दोन्हीकडचे लेखापरीक्षक निवृत्त होईपर्यंत चालतो.

विकास आराखड्यात त्या पट्ट्यावर बाग किंवा रस्ता दाखवला तर?

दाखवता येतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तो पालिकेचा अधिकार आहे. पण नकाशावर हिरवा रंग भरल्याने जागा ताब्यात येत नाही, आणि रेल्वे अधिनियमाच्या कलम ११ ने रेल्वेला आपल्या कामांपुरती इतर कायद्यांवर मात करणारी सत्ता दिली आहे. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेले रेल्वे भूमी विकास प्राधिकरण रेल्वेच्या रिकाम्या जागांचा व्यापारी विकास करण्यासाठीच आहे. शहराच्या मध्यातला रुंद पट्टा त्याच्या नजरेत मोलाचा असतो. तरीही आरक्षण अगदी निरुपयोगी नाही. उद्या ती जागा विकासाला निघाली तर तिथे किती मजले, किती मोकळी जागा, रस्ता कुठून, या वाटाघाटीत पालिकेच्या हातात एक कागद असतो.

रुळांकाठच्या टपऱ्या आणि घरे कोण काढणार?

रेल्वे. सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादारांस काढून टाकणे) अधिनियम, १९७१ प्रमाणे रेल्वेचा मिळकत अधिकारी आधी कारणे दाखवा नोटीस देतो, म्हणणे ऐकतो आणि मग आदेश काढतो. आदेशाविरुद्ध १२ दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्याची वाट कलम १५ ने बंद केली आहे. नोटीस हातात पडली की ती नगरसेवकाकडे नेण्याआधी वकिलाकडे न्यावी, कारण बारा दिवस लवकर सरतात. उत्तराखंडमधील हल्द्वानीच्या प्रकरणात ५ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेलगतची वस्ती आठवडाभराच्या मुदतीत उठवण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि पुनर्वसनाचा विचार करायला सांगितले. त्यातून जागेचा हक्क मिळत नाही. रातोरात उठवता येत नाही, एवढा आधार मिळतो.

पालिकेची अडचण वेगळी असते : त्या घरांना नळ तिनेच दिलेला असतो आणि पट्टी तीच घेते. पट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे पावतीवर छापलेले असते. फारच बारीक अक्षरात.

पडलेले रूळ किंवा स्लीपर कोणी उचलून नेले तर?

रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) अधिनियम, १९६६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भंगारवाल्यालाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरण्याबद्दल रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तो वेगळा.

रेल्वेची हद्द नेमकी कुठे आहे हे कसे कळणार?

हद्दीचे दगड शोधावेत. नॅरोगेजचे दोन रूळ एकमेकांपासून ७६२ मिलिमीटरवर, म्हणजे अडीच फुटांवर असतात, एका ढांगेत ओलांडता येतात. त्यामुळे लोकांना वाटते की रेल्वेची जागाही तेवढीच. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना भरावाची, खणलेल्या चरांची आणि स्टेशनाजवळ मालधक्क्याची जागा धरून पट्टा पुष्कळ रुंद असतो. एका तालुक्याच्या गावी संयुक्त मोजणीला गेलो असता हद्दीचा चौथा दगड कोणालाच सापडेना. मोजणीदार साखळी टाकून दोनदा त्याच अंगणात येऊन थांबला. शेवटी घरातल्या आजींनी धुण्याच्या दगडावरची बादली बाजूला केली. दगडाच्या खालच्या अंगाला कोरलेली अक्षरे साबणाने गुळगुळीत झाली होती. पालिकेची नवी सिमेंटची गटार त्या दगडाच्या आत, रेल्वेच्या बाजूला निघाली. बिल तर आधीच अदा झालेले होते.

म्हणून काम काढण्याआधी भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकांकडून गावनकाशा किंवा नगर भूमापनाची मिळकत पत्रिका घ्यावी, रेल्वेकडून त्यांचा जमीन-नकाशा मागवावा आणि दोघांच्या माणसांसमोर मोजणी करून पंचनाम्यावर सह्या घ्याव्यात. दोन नकाशांत फरक निघतोच. तो फरक काम सुरू होण्यापूर्वी निघालेला बरा.

अमेरिकेत एका शहराने रेल्वे कंपनीला हरवले असे ऐकतो. ते काय प्रकरण आहे?

न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी. तिथे सिक्स्थ स्ट्रीटच्या कडेने पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९०१ ते १९०५ या काळात दगडी भिंतींचा उंच भराव बांधून हडसन नदीच्या काठापर्यंत मालगाड्यांचे रूळ नेले होते. पुढे तो मार्ग कॉनरेल या कंपनीकडे आला, वाहतूक थांबली, रूळ उखडले गेले आणि २००५ मध्ये कॉनरेलने ती जागा ३० लाख डॉलरला एका विकासकाला विकली. शहराला तिथे उद्यान आणि पायवाट हवी होती. त्या देशात रेल्वेमार्ग सोडून देण्यासाठी सरफेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्ड या केंद्रीय मंडळाची परवानगी लागते, आणि कॉनरेलने ती घेतली नव्हती. तिचे म्हणणे असे की हा मुख्य मार्ग नसून नुसता फाटा होता, त्याला परवानगी लागतच नाही. शहराला दावा लावण्याचा अधिकारच नाही असे एका न्यायालयाने म्हटले, वरच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ते फिरवले, आणि २०१३ मध्ये निकाल आला की तो परवानगीशिवाय सोडून देता न येणारा रेल्वेमार्गच होता.

गंमत पाहा : तिथे शहर म्हणत होते की ही अजून रेल्वेच आहे, आणि कंपनी म्हणत होती की ही आता रेल्वे नाही. आपल्याकडे दोघांच्या भूमिका नेमक्या उलट्या असतात. म्हणून जर्सी सिटीचा निकाल आपल्या अर्जाला जोडून उपयोग नाही. नीट वाचला तर तो रेल्वेच्याच बाजूने बोलतो. अमेरिकेत १९८३ पासून असाही कायदा आहे की बंद मार्गाचा पट्टा अखंड ठेवून, पुढे कधी गाडी लागली तर परत देण्याच्या अटीवर, त्यावर तात्पुरती पायवाट करता येते. न्यूयॉर्कमधील हाय लाइन हे उद्यान, जिथे १९८० मध्ये शेवटची मालगाडी गेली आणि २००९ मध्ये पहिला भाग लोकांना खुला झाला, याच वाटेने उभे राहिले. आपल्या कायद्यात अशी सोय नाही. तशी सोय असावी असे माझे मत आहे, पण मत म्हणजे कायदा नव्हे.

विदर्भातली ‘शकुंतला’ ही छोटी गाडी खाजगी होती म्हणतात. आपल्या मार्गांचे तसे काही आहे का?

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग किलिक निक्सन कंपनीने स्थापलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता आणि स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला, म्हणून त्याची चर्चा वेगळी. ते उदाहरण इकडे ओढून आणू नये.

पालिका आणि रेल्वे दोन्ही सरकारीच. मग कोर्टात जाता येते का?

येते. दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. रिट याचिका असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे येतात. मात्र कलम १७ ची मागणी न करता थेट याचिका केली तर पहिला प्रश्न हाच येईल की कायद्यातली वाट सोडून इथे का आलात.

अर्ज कोणाकडे करायचा?

यात बरीच पत्रे भलत्याच दारी जातात. पाचोरा, जामनेर, चाळीसगाव आणि चाळीसगाव–धुळे मार्ग हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहेत. अमळनेर आणि नंदुरबार हे उधना–जळगाव मार्गावर असल्याने पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाकडे येतात. भुसावळ कितीही जवळ असले तरी तिथले कार्यालय ते पत्र फक्त पुढे ढकलू शकते. अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे, प्रत वरिष्ठ विभागीय अभियंत्यांना, सोबत सर्वसाधारण सभेचा ठराव, मोजणीचा नकाशा आणि जागेचा किलोमीटर क्रमांक जोडावा. रूळ गेले असले तरी किलोमीटरचा दगड बहुधा असतो. नसेल तर मोरीवर क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहून घ्यावा. जुना पत्रव्यवहार हवा असेल तर माहिती अधिकाराखाली मागावा, ३० दिवसांत उत्तर येणे बंधनकारक आहे. आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.